तंबूतल्या मुक्कामात पिण्याचं पाणी: किती न्यायचं, कसं साठवायचं, कसं वाढायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीला पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. मलप्रभा तिथेच उगम पावते आणि थोडं पलीकडे म्हादईचं खोरं सुरू होतं. त्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पूर्वेच्या उताराला पडलेला थेंब कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो, पश्चिमेचा गोव्यातून अरबी समुद्राला. एवढ्या पाण्याच्या मुलखात एप्रिल उजाडला की बायका कोरड्या ओढ्यात खड्डा उकरून वाटीवाटीने बिंदगी (घागर) भरताना दिसतात.

याचं कारण जांभा. हा दगड भोकाभोकांचा. पावसाचं पाणी तो झटकन आत घेतो, खालच्या चिकट थराला पाणी अडलं की सड्याच्या कडेला झऱ्यातून ते सोडून देतो, आणि पाऊस थांबल्यावर काही महिन्यांत त्याच्याकडचा साठा संपतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ज्या झऱ्यावर तुम्ही पोटभर पाणी प्यायलात तो होळीला असेलच असं नाही. जागा ठरवताना गावात फोन करून "पाणी आहे का?" एवढंच विचारू नका. "आत्ता, या महिन्यात, कुठल्या झऱ्याला आहे?" असं विचारा.

बेळगावची मंडळी शनिवार-रविवार तंबू घेऊन निघतात ती साधारण तीन दिशांना. एक, खानापूर-जांबोटीकडचं जंगल. दुसरी, सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातले महिपाळगड, कलानंदीगड, पारगड. तिसरी, गोकाक-सौंदत्तीकडचे खडकाळ माळ. तंबू कुठला घ्यायचा यावर महिनाभर चर्चा होते आणि पाण्याचं "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडून दिलं जातं. शाळांची, युवक मंडळांची शिबिरं निघतात तेव्हा तर चाळीस-पन्नास पोरं सोबत असतात. अशा ठिकाणी एकाच वेळी अनेकांची पोटं बिघडली तर कारण बहुतेक पाण्यात नाहीतर हातांत सापडतं. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ या.

पाणी किती लागतं

दिवसभर चालणाऱ्या मोठ्या माणसाला पिण्यासाठी ३ ते ४ लिटर पाणी धरावं. एप्रिल-मेमध्ये गोकाकच्या माळावर असाल तर त्याहून जास्त. भात, आमटी, चहा यांसाठी माणशी दीड-दोन लिटर. म्हणजे चांगलं, पिण्यायोग्य पाणी माणशी ६ लिटर. भांडी, हात-पाय, संडास यांचं पाणी वेगळं. आपत्तीनंतरच्या मदत छावण्यांसाठी सगळ्या वापराला मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर हा मापदंड जगभर धरला जातो. दोन दिवसांच्या मुक्कामात आपण बरंच कमी वापरून भागवू शकतो, पण आकड्यांचा अंदाज यायला तो उपयोगी आहे.

आता चाळीस जणांचं शिबिर घ्या. चाळीस गुणिले सहा, २४० लिटर. म्हणजे २० लिटरचे बारा जार, तेही एका दिवसाचे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे हे जवळपास पाव टन ओझं झालं. जीप जाते तिथे प्रश्न नाही. गडाच्या पायथ्याशी गाडी थांबते तिथे मात्र गणित पार बदलतं. पाठीवर ५ लिटरपेक्षा जास्त पाणी घेऊन चढणं बहुतेकांना झेपत नाही आणि ५ लिटर एका दिवसालाही पुरत नाही. तेव्हा असा मुक्काम करायचा तर वर पाण्याची सोय आहे आणि ते शुद्ध करायचं सामान आपल्याकडे आहे, या दोन्ही गोष्टी आधी पक्क्या करायला लागतात.

वापराच्या पाण्याबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. भांडी ओढ्याच्या पाण्याने घासली तर चालतात, पण शेवटचं विसळणं पिण्याच्याच पाण्याने हवं. दात घासायचं पाणीही पिण्याचंच. या दोन ठिकाणी ओढ्याचं पाणी वापरलं तर बाकीची सगळी खबरदारी वाया जाते.

घरून न्यायचं तर कुठलं

गाडी तंबूपर्यंत जाणार असेल तर घरून भरून नेणं सगळ्यात सोपं. इथे एक गोष्ट उलटी वाटेल. घरच्या प्युरिफायरचं पाणी साठवणीला नळाच्या पाण्यापेक्षा कच्चं असतं. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, ते क्लोरीन घालून सोडलेलं असतं, आणि त्यातलं थोडं क्लोरीन नळापर्यंत शिल्लक राहतं. हे शिल्लक क्लोरीन पुढे एखादा हात, एखादी धूळ लागली तरी पाण्याची राखण करतं. प्युरिफायरमधला कोळसा नेमकं हेच क्लोरीन काढून टाकतो. ते पाणी ग्लासात घेऊन लगेच प्यायला उत्तम. पण दोन दिवस कॅनमध्ये, उन्हात, दहा जणांच्या हाताखाली ठेवायचं तर त्याला राखण उरत नाही. म्हणून कॅन नळाच्या ताज्या पाण्याने भरावेत, आणि मुक्काम एक दिवसापेक्षा जास्त असेल किंवा नळाला त्या दिवशी गढूळ आलं असेल तर क्लोरीनच्या गोळीचा आधार द्यावा.

विकतचे जार घेत असाल तर सील बघा. सीलबंद पाण्यावर बहुधा आयएस १४५४३ हा मानक क्रमांक छापलेला असतो. लग्नकार्यात येतात ते गार पाण्याचे उघड्या झाकणाचे जार त्यात मोडत नाहीत. त्यांतलं पाणी कुठून आलंय हे जार बघून कळायला मार्ग नाही.

जागेवरचं पाणी घ्यायचं तर

खळखळ वाहणारं पाणी शुद्ध, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. वाहत्या पाण्यात गाळ कमी साचतो, शेवाळ कमी धरतं, इतपत ती खरी आहे. पण वरच्या बाजूला काय आहे ते खळखळाट सांगत नाही. जांबोटीच्या बाजूला एका ओढ्यावर आम्ही कॅन भरायला वाकलो होतो, तेव्हा तिथल्या एका मावशींनी हटकलं, "ओढ्याचं नको ओ सर, वर म्हशी बसत्यात की. ह्या झिऱ्याचं घ्या. पहिलं पाणी तेवढं टाकून द्या."

झिरा म्हणजे ओढ्याच्या काठाला, पाण्यापासून चार-सहा फुटांवर वाळूत उकरलेला खड्डा. ओढ्यातलं पाणी वाळूतून झिरपत त्यात येतं आणि वाटेत गाळ, पालापाचोळा, पुष्कळसे जंतू वाळूत अडकतात. उकरल्याबरोबर आलेलं पाणी गढूळ असतं, ते वाटीने उपसून टाकायचं, पुन्हा भरू द्यायचं, पुन्हा उपसायचं. दोन-तीन वेळा असं केल्यावर जे पाणी येतं ते ओढ्यातल्या पाण्यापेक्षा खूपच निर्मळ असतं. जगात कितीतरी शहरं नदीकाठच्या विहिरींतून याच तत्त्वावर पाणी उचलतात. तरीही झिऱ्याचं पाणी तसंच पिऊ नका. शुद्ध करायला ते सोपं जातं, हा त्याचा खरा फायदा.

गडांवरच्या खडकातल्या टाक्यांत पावसाचं साठलेलं पाणी असतं. ते चांगलं असू शकतं, पण माकडं, पक्षी, आंघोळ करणारे पर्यटक सगळ्यांनाच ती टाकी उघडी असतात. हिरवटनिळा, रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर ते पाणी सोडून द्या. अशा शेवाळाचं विष उकळूनही जात नाही.

उत्तरेकडे, चिक्कोडी, रायबाग, अथणीच्या ऊसपट्ट्यात किंवा निपाणीच्या तंबाखूच्या शिवारात, धोका वेगळा आहे. तिथल्या पाटात, चरात, उघड्या शेततळ्यात खतं आणि फवारणीची औषधं उतरतात. जंतू मारता येतात. औषध मारता येत नाही, उकळल्यावर पाणी आटतं आणि औषध उलट दाट होतं. शेतातून निथळून आलेलं पाणी कुठल्याही उपायाने कॅम्पवर पिण्याजोगं होत नाही. त्यापेक्षा जवळच्या वस्तीवर जाऊन नळाचं किंवा चालू बोअरचं पाणी मागावं. बोअरचं पाणी जड लागेल, डाळ शिजायला वेळ घेईल, पण दोन दिवसांत त्याने काही बिघडत नाही.

शुद्ध करताना नेमकं काय होतं

पाण्यातून आजार आणणारे जीव ढोबळमानाने तीन प्रकारचे. सगळ्यात मोठे एकपेशीय परजीवी, जिआर्डिया, अमीबा वगैरे. हे कवच धरून राहतात. त्यांच्याहून लहान जिवाणू. कॉलरा, टायफॉइड यांचे. आणि त्यांच्याहून कितीतरी लहान विषाणू. कावीळ आणणारे हेपटायटिस ए आणि ई यांतलेच. हेपटायटिस ई गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून ग्रुपमध्ये कुणी गरोदर असेल तर पाण्याच्या बाबतीत जराही सूट देऊ नका. कुठला उपाय कुणावर चालतो हे एकदा ध्यानात आलं की दुकानदार काय विकतोय त्यापेक्षा आपल्याला काय हवंय ते ठरवता येतं.

सुरुवात गढूळपणा घालवण्यापासून. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्ची पडतं, फिल्टर लगेच तुंबतो, ऊन आत शिरत नाही. भांडं तास-दोन तास हलवू नका, वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या. तुरटीचा खडा दोन-तीन वेढे फिरवला तर गाळ लवकर बसतो. पूर्वी घराघरांत घागरीच्या आतून निवळीची बी घासायचे, त्याचंही काम हेच. मग सुती कापडाने गाळा. जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी चार पदरी घेतली तर जास्त चांगलं. बांगलादेशात अशा घडी घातलेल्या साडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलराचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, असा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. कारण कॉलराचे जिवाणू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. बाकीच्या जंतूंना मात्र कापड थांबवत नाही.

उकळणं हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग, तिन्ही प्रकारांवर चालणारा. पाण्याला खदखदून उकळी आली की एक मिनिट पुरे. वीस मिनिटं उकळायची पद्धत आहे, ती नुसता गॅस खाते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. त्याने काही फरक पडत नाही, कारण जंतू मरायला ७० अंशांच्या आसपासच सुरुवात होते आणि उकळीपर्यंत पोचताना पाणी त्यावर बराच वेळ असतं.

अडचण इंधनाची. २० लिटर पाणी उकळायला, वाऱ्यात जाणारी उष्णता धरून, साधारण ३०० ग्रॅम गॅस लागतो. चाळीस जणांचं नुसतं पिण्याचं पाणी म्हणजे रोज आठ जार, अडीच किलो गॅस. ५ किलोचा छोटा सिलिंडर दोन दिवसांत पाण्यावरच संपला, स्वयंपाक बाजूलाच राहिला. शिवाय मोठं पातेलं गार व्हायला तासन् तास लागतात. म्हणून लहान ग्रुप असेल तर उकळा, तेही रात्रीच्या जेवणानंतर, झाकण ठेवून, सकाळसाठी. मोठ्या शिबिराला क्लोरीनच सोयीचं.

क्लोरीनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात. एका लिटरला एक अशाही असतात आणि २० लिटरला एक अशाही, त्यामुळे पाकिटावरचं माप वाचल्याशिवाय टाकू नका. गोळी टाकली, ढवळलं, झाकण लावलं की अर्धा तास हात लावायचा नाही. थंडीत पाणी गार असेल तर तासभर. मग झाकण उघडून वास घ्या. किंचित क्लोरीनचा वास आला पाहिजे. तो वास नकोसा वाटतो खरा, पण क्लोरीन शिल्लक असल्याची खूण तीच. वास अजिबात नसेल तर सगळं क्लोरीन घाणीवर खर्च झालं असं समजायचं आणि पुन्हा एक मात्रा देऊन अर्धा तास थांबायचं. दुसऱ्या मात्रेनंतरही वास नाही, तर ते पाणी पिऊ नका. कवच धरणाऱ्या परजीवींपैकी काही, विशेषतः क्रिप्टोस्पोरिडियम, क्लोरीनला दाद देत नाहीत, ही त्याची मर्यादा. आणि सरबत करायचं असेल तर लिंबू आधी पिळू नका. लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीनला निकामी करतं. अर्धा तास झाल्यावर, ग्लासात पिळा, वासही जाईल.

पोकळ तंतूंचे छोटे फिल्टर आता ट्रेकिंगच्या सामानात सर्रास दिसतात. ०.१ मायक्रॉनचा फिल्टर परजीवी आणि जिवाणू अडवतो. विषाणू मात्र रव्याच्या चाळणीतून मैदा जावा तसे निघून जातात. परदेशातल्या निर्मनुष्य डोंगरात ते खपून जातं. आपल्याकडे ओढ्याच्या वर गाव असतंच, आणि माणसाची वस्ती आली की काविळीचे विषाणू आले. म्हणून आपल्याकडे फिल्टर अधिक क्लोरीन ही जोडी धरावी: क्लोरीनला न मरणारे परजीवी फिल्टर अडवतो, फिल्टरमधून निसटणारे विषाणू क्लोरीन मारतं. माझ्या मते दोन-चार जणांच्या ग्रुपला यापेक्षा हलकं आणि भरवशाचं दुसरं काही नाही.

काहीच जवळ नसेल तर ऊन. दोन लिटरपर्यंतची स्वच्छ, पारदर्शक बाटली नितळ पाण्याने भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवा, ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. सौंदत्तीला फेब्रुवारीत हे जमतं, कणकुंबीला जुलैत नाही. तांब्याच्या भांड्याबद्दल नेहमी विचारलं जातं. रात्रभर ठेवल्यावर तांबं जिवाणू बरेच कमी करतं हे खरं आहे, पण वेळ फार लागतो आणि शिबिरात रात्रभर न हलवता ठेवायला भांडी पुरत नाहीत. घरी ठीक.

साठवण, म्हणजे खरी कसोटी

इतकं सगळं करून पाणी शुद्ध झालं, की लोकांना काम झाल्यासारखं वाटतं. माझ्या मते काम इथून सुरू होतं.

एका शिबिरात जेवणाच्या वेळी मी पाण्याच्या पिंपाशी उभा राहून नुसतं बघत होतो. पाणी आदल्या रात्री नीट उकळलेलं. आंब्याखाली स्टीलचं मोठं पिंप, वर थाळीसारखं झाकण, झाकणावर एक ग्लास. पहिला मुलगा आला, झाकण काढून त्याने मातीवर पालथं ठेवलं. ग्लास पिंपात बुडवला तेव्हा त्याची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पाण्यात होती, नखांत आमटीचा पिवळा रंग. अर्धा ग्लास प्यायला, उरलेलं पाणी पिंपात ओतलं, झाकण उचलून मातीच्या बाजूने परत लावलं. त्याच्यामागच्या मुलीने तेच केलं. कुणी मुद्दाम वाईट वागत नव्हतं. पिंपाची ठेवणच तशी होती. पंगत उठेपर्यंत त्या उकळलेल्या पाण्याला अर्थ राहिला नव्हता.

मलावी देशात मोझांबिकमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत १९९३ साली नेमकं हेच तपासलं गेलं. विहिरीचं पाणी चांगलं होतं. काही कुटुंबांना नेहमीच्या बादल्या होत्या, काहींना वरून बंद आणि तोटी असलेल्या बादल्या दिल्या. पाणी तेच, माणसं तशीच. तोटीच्या बादल्यांच्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांमधली जुलाबाची लागण जवळपास एक तृतीयांशाने कमी झाली. हात पाण्यात जात नव्हता, एवढाच काय तो फरक.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पिण्याच्या पाण्याच्या भांड्यात हात, ग्लास, ओगराळं काहीही बुडता कामा नये. तोटीचा कॅन घ्या. नसेल तर अरुंद तोंडाचा कॅन वाकवून ओता. पिंपच वापरायचं तर लांब दांड्याचा डाव ठेवा आणि वाढायला एकच माणूस ठेवा.

कॅन खाण्याच्या वस्तूंसाठीच बनवलेल्या प्लास्टिकचा हवा. बुडाला त्रिकोणात १ किंवा २ आकडा असतो, आणि ग्लास-काट्याची खूण असेल तर उत्तमच. पण त्या आकड्यावरून आधी त्यात काय होतं ते कळत नाही. रंगाचा, केमिकलचा, फवारणीच्या औषधाचा डबा कितीही धुतला तरी पाण्याला वापरायचा नाही. वास गेला म्हणजे औषध गेलं असं होत नाही. बागेला पाणी घालायचा रबरी पाइपही पिण्याच्या पाण्याला नको.

भरण्याआधी कॅन साबणाने धुवा, मग क्लोरीनच्या थोड्या कडक पाण्याने आतून सगळीकडे खळबळून अर्धा मिनिट ठेवा, तेच पाणी तोटीतून सोडा. तोटी कुणी धुतच नाही, आणि सगळं पाणी तिच्यातूनच येतं. तोटीत बोट घालून बघा. बुळबुळीत लागलं तर आतून ब्रश फिरवायला हवा.

कॅन सावलीत ठेवा. उन्हात क्लोरीन उडून जातं आणि पारदर्शक जारमध्ये शेवाळ धरतं. कॅनभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं तर पाणी गारही राहतं, कारण गोणपाटातलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. ही युक्ती गोकाक-सौंदत्तीच्या कोरड्या हवेत छान चालते. ऑगस्टमध्ये जांबोटीला हवाच इतकी दमट असते की गोणपाट दोन दिवस ओलंच राहतं आणि पाणी काही गार होत नाही. माठाचंही तसंच. खानापूरची माती आणि कुंभारकाम प्रसिद्ध. तोटीचा माठ जीपमधून नेता आला तर पूर्वेकडच्या शिबिराला त्याच्याइतकी चांगली सोय नाही.

पाणी तोंडापर्यंत पोचवणं

कॅन जमिनीवर ठेवला तर तोटीखाली ग्लास बसत नाही आणि पोरं कॅन तिरपा करतात. कमरेएवढ्या उंचीचा दगड, जीपचं मागचं फळकूट, दोन रचलेल्या पेट्या, काहीही चालेल. कॅन भरलेला असताना धार जोरात येते आणि पाणी उतरत जाईल तशी मंदावते, कारण तोटीवरचा दाब वरच्या पाण्याच्या उंचीवर असतो. धार एकदम थांबली, थेंबथेंब गुळगुळ करत यायला लागली, तर पाणी संपलं समजू नका. आत हवा जायला वाट नाही. वरचं झाकण अर्धा फेरा सैल करा आणि वर स्वच्छ फडकं टाका. मोठ्या पिंपातून कॅनमध्ये पाणी घ्यायचं तर स्वच्छ नळी पाण्याने भरून, दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून उतरवा. तोंडाने ओढू नका. त्यात तोंडातलं सगळं पाण्यात जातं.

पिण्याच्या कॅनपासून लांब, संडासच्या वाटेवर आणि जेवणाच्या जागेजवळ, हात धुण्याची सोय करा. खाद्यतेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन घ्या, गळ्याखाली खिळ्याने भोक पाडा, आडव्या काठीला टांगा, आणि तोंडाला दोरी बांधून दोरीचं खालचं टोक जमिनीवरच्या काठीला. पायाने काठी दाबली की कॅन वाकतो, बारीक धार येते. शेजारी जुन्या मोज्यात साबण टांगा. कशालाच हात लागत नाही, पाणीही फार थोडं लागतं. पाचवीतल्या मुलांना हे बनवायला सांगा, ती दिवसभर त्याच्यावर पहारा देतात.

तंबू आणि संडासचे खड्डे पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ८० पावलं. ओढ्यात साबण नको, भांडी नकोत. भीमगड अभयारण्याच्या परिसरात तर हे अंतर तुमच्याही सुरक्षिततेसाठी आहे. २०११ साली जाहीर झालेल्या या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. परवानगी मिळाली तरी संध्याकाळनंतर पाणवठा गव्यांचा आणि अस्वलांचा असतो. पाणी भरणं दिवेलागणीच्या आत उरकलं पाहिजे.

मोठ्या शिबिरात पाण्याला एक माणूस नेमा आणि त्याला दुसरं काम देऊ नका. कुठला कॅन कधी भरला, गोळी किती वाजता टाकली, हे कॅनवरच चिकटपट्टी लावून पेनने लिहायचं. शुद्ध झालेला आणि न झालेला कॅन यांच्यात अंधारात गोंधळ होतो, म्हणून दोन रंगांच्या दोऱ्या बांधा: लाल म्हणजे कच्चं पाणी, हिरवी म्हणजे पिण्याचं. सकाळी निघताना प्रत्येकाची बाटली त्याने स्वतः बघून भरावी. पोरं "भरलीय" म्हणतात, बाटली अर्धी असते.

पाण्याबरोबर मीठ

घामातून पाण्याबरोबर मीठ जातं. दिवसभर उन्हात चालून नुसतं साधं पाणी लिटर-लिटर ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. आणि सगळे त्याला आणखी पाणी पाजतात. दुपारच्या पाण्याबरोबर चणे-शेंगदाणे, लोणचं-भाकरी, मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ताक द्या. ताक मात्र शिबिरावर शुद्ध केलेल्या पाण्यातच घुसळलेलं हवं.

जुलाब सुरू झाले तर ओआरएसचं पाकीट एक लिटर शुद्ध पाण्यात, पूर्ण पाकीट एकदम. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने जास्त घालू नका. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून असंख्य माणसं वाचवली. लघवी थांबली, डोळे खोल गेले, मूल निपचित पडलं, जुलाबात रक्त दिसलं, यांतलं काहीही झालं तर शिबिर तिथेच सोडून पेशंटला खानापूर, बेळगाव, चंदगड, जे जवळ असेल तिथल्या दवाखान्यात न्या. वाटेत घोट घोट पाजत राहा.

परत आल्यावर कॅन बंद करून माळ्यावर टाकू नका. तोटी उघडी ठेवून सगळं पाणी काढा, झाकणातली रबरी वॉशर वेगळी करा, कॅन उलटा करून हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या आणि मगच झाकण सैल लावून ठेवा. उरलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर मुदतीची तारीख असते, ती तेव्हाच बघून ठेवा. ओलसर झालेली, भुगा झालेली गोळी पुढच्या वेळी वापरायची नाही.